दादर–माटुंगा: दोन इमारतींमधल्या जागेची गोष्ट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हिंदू कॉलनीतल्या एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा ब्लॉक घ्यायचा विचार चालला आहे. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, इमारतीचं वय ऐंशीच्या पुढे. तेवढ्याच पैशांत मुलुंड-ठाण्याकडे नवं आणि मोठं घर येतं. तरी जो तो म्हणतो, ‘त्या भागाची गोष्टच वेगळी.’ ती गोष्ट म्हणजे नेमकं काय, ती आली कुठून, आणि आता त्यातलं किती उरलंय?

मी वास्तुविशारद आहे. तीस-बत्तीस वर्षं दादर, माटुंगा आणि शिवाजी पार्क या पट्ट्यातल्या जुन्या इमारतींची दुरुस्ती, त्यांच्या मजबुतीचे ऑडिट अहवाल आणि अलीकडे पुनर्विकासाचे नकाशे हेच माझं काम. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि त्यात आठवणींपेक्षा मोजमापं जास्त असतील. या भागाविषयी कुणालाही विचारा, तो नाटक, क्रिकेट, गणपती आणि खाण्याच्या जागा यांवर येतो. ते सगळं खरं आहे, पण ती फळं झाली. झाडाचं मूळ दुसरीकडे आहे.

ते मूळ पाहायचं असेल तर हिंदू कॉलनीतल्या कुठल्याही गल्लीत उभं राहून इमारतींकडे बघू नका, दोन इमारतींच्या मधे बघा. तिथे एक पट्टा मोकळा आहे. त्यात एखादा आंबा, नाहीतर फणस, कुणाचं तरी वाळत घातलेलं धोतर, मागे तिसऱ्या इमारतीची गॅलरी आणि वर आभाळाचा तुकडा. गिरगावात किंवा भुलेश्वरात असंच बघायला गेलात तर मधे काही सापडतच नाही. भिंतीला भिंत लागलेली असते. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या पट्ट्यात आहे आणि तो आपसूक राहिलेला नाही. तो प्लेगमुळे आला.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ब्युबॉनिक प्लेगचे रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून पळाले, गिरण्या थंडावल्या, बंदराला धसका बसला. सरकारचे डोळे उघडले ते बहुधा या शेवटच्या गोष्टीमुळे. १८९८मध्ये कायदा करून बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. तेव्हाच्या डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची समजूत अशी की रोग अंधार, ओल आणि कोंडलेल्या हवेतून वाढतो. खरे वाहक होते उंदीर आणि त्यांच्या अंगावरच्या पिसवा, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली. निदान अर्धवट होतं, पण त्यावर जे औषध योजलं त्यातून मुंबईला तिच्या सर्वांत चांगल्या वस्त्या मिळाल्या. आमच्या धंद्यात असं क्वचित घडतं. सहसा निदान बरोबर असतं आणि औषधच चुकतं.

ट्रस्टने दोन प्रकारची कामं हाती घेतली. एक, जुन्या शहरात पाडापाडी: नागपाड्यासारख्या वस्त्या मोकळ्या करणं, आणि प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते दाट वस्तीतून आरपार काढणं, म्हणजे समुद्राचा वारा आत येईल. दोन, शहराच्या उत्तरेला मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती. त्या काळी दादर-माटुंगा म्हणजे भाताची खाचरं, नारळाच्या वाड्या आणि मधेमधे गावठाणं. इथली जमीन संपादित करून १८९९-१९००च्या सुमारास दादर, माटुंगा, शीव, वडाळा अशी सलग योजना आखली गेली. एकट्या दादर-माटुंगा भागात साठ हजार माणसांची सोय होईल असा अंदाज होता. मुंबईतलं हे पहिलं नियोजित उपनगर. आज दादरला उपनगर म्हटलं तर दादरकर अपमान समजतील, पण जन्म तसाच आहे.

कागदावरची योजना जमिनीवर उतरायला मात्र वेळ लागला. रस्ते झाले, गटारं झाली, प्लॉट पडले. माणसं यायला तयार होईनात. बाजार, देऊळ, नातेवाईक सोडून एवढ्या लांब कोण जाणार? पहिल्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. शहरात भाडी भडकली, कचेऱ्यांमधले कारकून, शिक्षक, वकील, रेल्वेतले बाबू यांचा नवा वर्ग मोठा झाला, ट्राम दादरपर्यंत पोचली. १९२५मध्ये मुंबईत पहिली विजेची लोकल धावली आणि १९२८मध्ये पश्चिमेकडच्या मार्गावरही वीज आली. दादर हे दोन्ही रेल्वेमार्गांवरचं स्टेशन. दक्षिणेला फोर्टात नोकरी आणि दादरला घर हे गणित एकदा जुळल्यावर १९२० आणि १९३०च्या दशकांत इमारती भराभर उठल्या. ‘दादर टीटी’ हे नाव त्याच काळातलं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला आली. टॅक्सीवाल्याला आजही टीटीच सांगावं लागतं.

आता मोजमापाकडे येतो, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथे आहे. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी प्रकाश आणि हवा या विषयाचा अक्षरशः ध्यास घेतला होता. त्यांच्या काळात पुढे आलेला नियम साडेत्रेसष्ट अंशांचा. खोलीच्या खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा काढा. ती आडव्या पातळीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करता कामा नये. हा विचित्र आकडा का? कारण त्या कोनात उंची बरोबर अंतराच्या दुप्पट येते. समोरची भिंत चाळीस फूट उंच तर मधली जागा वीस फूट हवी. मिस्त्रीलाही दोरी लावून तपासता येईल असा नियम. तळमजल्यावरच्या माणसाला खिडकीत उभं राहून आभाळ दिसलंच पाहिजे, एवढा साधा त्याचा अर्थ आहे.

मी हे खरोखर तपासलं आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका इमारतीचा मोजणी नकाशा काढताना माझ्या वरिष्ठांनी मला तळमजल्याच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, ‘काय दिसतंय?’ मी म्हटलं, शेजारच्या इमारतीची भिंत. ‘मान वर कर.’ वर कौलाच्या कडेपलीकडे आभाळ होतं. त्या घरात दुपारी दिवा लावावा लागत नव्हता. तेव्हापासून कुठल्याही घरात शिरलो की आधी तळमजल्याचं स्वयंपाकघर बघतो. वरचे मजले सगळ्यांचेच बरे असतात.

या भागाची दुसरी देणगी म्हणजे ‘ब्लॉक’. आज आपण फ्लॅट म्हणतो. आपल्या आजी-आजोबांच्या तोंडी ब्लॉक हा शब्द होता आणि त्यात थोडा रुबाब होता. ‘ते ब्लॉकमध्ये राहतात’ म्हणजे चाळीत राहत नाहीत. नळ, मोरी आणि संडास घराच्या आत, दाराला स्वतःची कडी. मधल्या जिन्याच्या दोन्ही अंगांना एकेक ब्लॉक, रस्त्याच्या बाजूला बाहेरची खोली आणि गॅलरी, मधे पॅसेज, मागे स्वयंपाकघर, आणि अगदी टोकाला न्हाणीघर-संडास. आज यात नवल वाटत नाही. तेव्हा वाटत होतं. संडास घरात, तोही स्वयंपाकघराजवळ, ही कल्पना बऱ्याच घरांच्या गळी उतरायला वेळ लागला. म्हणून तो मागच्या टोकाला ढकलला, मधे पॅसेज किंवा मोरी ठेवली.

आणि मागे एक लोखंडी गोल जिना लावला. जुन्या इमारतींच्या मागच्या बाजूला तो अजून गंजत उभा दिसतो. मुलं त्याला चोरजिना म्हणतात. तो चोरांसाठी नव्हता. सफाई करणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याने वर येऊ नये, घरातून जाऊ नये, यासाठी होता. नव्या, आधुनिक, हवेशीर घराच्या नकाशात जात अशी लोखंडात ओतून बसवली होती. या वस्तीचं कौतुक करताना मी हा जिना वगळत नाही, आणि तुम्हीही तो बघा.

त्याच हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्याच चाळीत वीसेक वर्षं राहिले आणि १९३०च्या दशकात इथे, ट्रस्टच्याच योजनेतल्या प्लॉटवर बांधलेल्या स्वतःच्या घरात आले. एकाच संस्थेने बांधलेली एका खोलीची चाळ आणि तिनेच आखलेला ऐसपैस प्लॉट, या दोन टोकांमधलं अंतर त्यांनी एका आयुष्यात कापलं. घर बांधताना आधी विचार केला तो पुस्तकांचा. ग्रंथसंग्रह हजारोंच्या घरातला होता. रमाबाईंचं निधन २७ मे १९३५ला याच घरात झालं. आजही गल्लीत शिरणारे पुष्कळ लोक फक्त हे घर बघायला आलेले असतात.

चाळीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. हिंदू कॉलनीपासून पायी जाण्याच्या अंतरावर नायगावला बीडीडी चाळी आहेत, १९२०च्या दशकात सरकारने कामगारांसाठी बांधलेल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी होत्या, त्यातल्या ४२ नायगावला. तिथे एका कुटुंबाला साधारण १६० चौरस फुटांची खोली आणि संडास सामायिक. म्हणजे प्लेगनंतर शहाणपण आलं ते सगळ्यांच्या वाट्याला सारखं आलं नाही. ट्रस्टने जुन्या शहरात ज्यांची घरं पाडली त्यांतल्या फार थोड्यांना दादरचं भाडं परवडलं असेल. प्रकाश आणि हवा ज्याला भाडं देता येत होतं त्याला मिळाली.

वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळे तुकडे कसे वसवले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथे पळत सांगतो. पारशी कॉलनी ही मंचेरजी एडलजी जोशी या एका माणसाची करामत. ते ट्रस्टमध्येच अभियंता होते. मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ प्लॉट त्यांनी मिळवले आणि झाडांपर्यंतची आखणी केली. फिरदौसी रोडला महोगनी, जाम-ए-जमशेद रोडला अशोक, असं प्रत्येक रस्त्याला वेगळं झाड. पारशांच्या इतर वसाहतींना, म्हणजे ‘बागां’ना, कुंपणं आणि दरवाजे असतात, या कॉलनीला नाहीत. त्यामुळे फाइव्ह गार्डन्सला संध्याकाळी सगळं माटुंगा फिरायला येऊ शकतं. हा निर्णय मला झाडांइतकाच मोठा वाटतो. माटुंग्यात, किंग्ज सर्कलच्या आसपास, तमिळ, कन्नड आणि मल्याळी कुटुंबं आली. ती मुख्यतः कचेऱ्यांमध्ये टायपिस्ट, स्टेनो, हिशेबनीस म्हणून नोकरी करणारी. त्यांनी १९३२मध्ये साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी काढली. देवळं, फुलबाजार आणि फिल्टर कॉफी मागोमाग आली. नंतर कच्छी-गुजराती कुटुंबंही मोठ्या संख्येने आली. हिंदू कॉलनीत मराठी पांढरपेशे. बाजूला शिक्षणसंस्थांची रांग: व्हीजेटीआय १९२३मध्ये माटुंग्याला आलं, रुइया आणि खालसा महाविद्यालयं १९३७ची, पोदार १९४१चं. चालत शाळेत, चालत कॉलेजात आणि लग्नानंतर चालत माहेरी, असं आयुष्य इथे हजारो बायका जगल्या आहेत. घराच्या किमतीत तेही धरलेलं असतं, फक्त दलाल ते सांगत नाही.

पश्चिमेला, टिळक पुलापलीकडे, शिवाजी पार्कची कथा थोडी वेगळी आहे. ते ट्रस्टचं नाही, महापालिकेचं काम. १९२५मध्ये मैदान लोकांसाठी खुलं झालं, नाव माहीम पार्क. १९२७मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झालं. शिवजन्माच्या त्रिशताब्दीचं ते वर्ष. अठ्ठावीस एकरांच्या आसपासचं मैदान आणि भोवती १९३० आणि ४०च्या दशकांतल्या इमारती, गोल कोपऱ्यांच्या, आडव्या पट्ट्यांच्या, जहाजाच्या कठड्यासारख्या गॅलऱ्यांच्या. आर्ट डेको म्हणतात त्या शैलीला. इथे विटांच्या भिंती आणि गर्डरऐवजी आरसीसी आलं. दिसायला देखणं, पण समुद्र हाकेच्या अंतरावर. खारा वारा काँक्रीटच्या आत शिरून सळई फुगवतो आणि छज्जा एका पावसाळ्यात खाली येतो. त्यामानाने हिंदू कॉलनीतल्या आधीच्या, जाड भिंतींच्या काही इमारती माझ्या अनुभवात जास्त चिवट निघाल्या. नवं साहित्य म्हणजे टिकाऊ साहित्य असं गृहीत धरू नका.

शिवाजी पार्कचा खरा नकाशाकार म्हणजे तो कट्टा. मैदानाला उंच भिंत नाही, गुडघाभर उंचीचा, बसता येईल असा कठडा आहे. त्यावर म्हातारे बसतात, कॉलेजातली जोडपी बसतात, निकालाची वाट बघणारी पोरं बसतात. आत रमाकांत आचरेकरांच्या नेटमधून सचिन तेंडुलकर घडला, हे सगळ्यांना माहीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, शिवसेनेचा पहिला मेळावा ३० ऑक्टोबर १९६६ला इथेच झाला. जवळच, दादरच्या किनाऱ्यावर, ७ डिसेंबर १९५६ला बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले आणि आज तिथे चैत्यभूमी आहे. दर ६ डिसेंबरला लाखो माणसं येतात, मैदानावर मुक्काम करतात. त्या आठवड्यात नाकं मुरडून गावाला जाणारे रहिवासी मला माहीत आहेत आणि पाण्याच्या बाटल्यांचे खोके घेऊन खाली उतरणारेही माहीत आहेत. २०१०मध्ये उच्च न्यायालयाने या परिसराला शांतता क्षेत्र ठरवलं, रहिवाशांच्याच याचिकेवरून. गोंगाटाचा त्रास खरा होता. अलीकडे लाल मातीच्या धुळीच्या तक्रारी आहेत, त्याही खऱ्या. पण जे मैदान सगळ्या राज्याचं आहे त्याच्या काठावर घर घेतलं की पाहुणे येणारच. हे सहन होणार नसेल तर पूर्वेला राहा.

आता मधला काळ, जो बहुतेक जण गाळतात. १९४७चा भाडे नियंत्रण कायदा. भाडी १९४०च्या पातळीवर गोठली. युद्ध संपताना घरांची टंचाई होती, कायदा गरजेचा होता. तो दशकानुदशकं तसाच राहील असं कुणाला वाटलं नसावं. परिणाम दोन झाले आणि ते एकमेकांच्या उलट दिशेचे होते. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंगसुद्धा होईना, इमारती खचत गेल्या, आणि पागडी नावाचा, रोख रक्कम घेऊन भाडेकरूचा हक्क हस्तांतरित करण्याचा, अर्धा पांढरा अर्धा काळा व्यवहार रुजला. पण त्याच कायद्यामुळे निवृत्त शिक्षक, तबलजी, प्रूफरीडर, हौशी नट अशी माणसं मुंबईच्या मध्यावर टिकून राहिली. छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक नाटकाची चळवळ उभी राहिली, ती करणारे आणि बघणारे लोकलच्या एकदोन स्टेशनांच्या टप्प्यात राहू शकत होते. बाजारभावाने भाडं द्यावं लागलं असतं तर तो प्रेक्षक विरारला गेला असता आणि रात्री साडेदहाची गाडी पकडायच्या चिंतेत दुसऱ्या अंकात उठला असता. ज्या कायद्याने भिंती पोखरल्या त्यानेच वस्तीचा स्वभाव राखला. मालकांना हे वाक्य आवडत नाही. माझे काही अशील मालकच आहेत.

१९६९नंतर दुरुस्तीसाठी उपकर आला. शहर भागातल्या ३० सप्टेंबर १९६९पूर्वीच्या भाड्याच्या इमारतींना सेस इमारती म्हणतात ते त्यामुळे. टेकू लावणं, गर्डर बदलणं, गच्चीवर पत्रे घालणं, या डागडुजीवर वीस-बावीस वर्षं गेली. मग १९९१च्या विकास नियमावलीत सेस इमारतींच्या पुनर्विकासासाठी जादा चटईक्षेत्र मिळू लागलं, ३३(७) या कलमाखाली. शहरात एरवी १.३३ असलेला एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, अशा इमारतींना वाढवून मिळतो. भाडेकरूला मालकीचं घर, बिल्डरला वरचे मजले विकायला. पैसा आभाळातून काढायचा, अशी ही योजना.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. जुन्या इमारती जपाव्यात म्हणून गळा काढणाऱ्यांपैकी मी नाही. पंच्याऐंशीच्या बाई तिसऱ्या मजल्यावरून चार वर्षं खाली उतरलेल्या नाहीत, हे मी बघितलंय. स्लॅबला आधार देणारी बल्ली दिवाणखान्याच्या मधोमध आणि तिच्यावर कॅलेंडर टांगलेलं, हेही बघितलंय. २०१२मध्ये वारसा यादीत शिवाजी पार्कचा परिसर घालायचा प्रस्ताव आला तेव्हा रहिवाशांनी कडाडून विरोध केला, आणि त्यांची भीती मला कळत होती. इमारत जाऊ दे. इमारतींचं वय असतं. प्रश्न मधल्या पट्ट्याचा आहे.

तळ अधिक तीन मजल्यांची इमारत चाळीस-पंचेचाळीस फूट. मधे वीस-बावीस फूट जागा. साडेत्रेसष्ट अंशांचा हिशेब जमतो. तिथे वीस मजल्यांची इमारत उभी राहिली, दोनशे फूट, तर त्याच हिशेबाने शंभर फूट मोकळे हवेत. प्लॉटच जेमतेम सत्तर-ऐंशी फूट रुंद असतो. मग नियमात सवलत असते. मोकळी जागा कमी पडली तर अधिमूल्य भरून ती कमतरता माफ करून घेता येते. अधिमूल्य बिल्डर भरतो, पैसे पालिकेला जातात, आणि उजेड शेजारच्या इमारतीतल्या तळमजल्याचा जातो. त्या तळमजल्यावरच्याला यात कुणी काही विचारत नाही. अशा नकाशांवर मीही सह्या केल्या आहेत. नियमात बसत होतं, अशील सज्जन होते, भाडेकरूंना घरं मिळाली. पण शेजारच्या इमारतीत ज्या स्वयंपाकघरात मला एकेकाळी खुर्चीवर बसवलं होतं, तशा एका स्वयंपाकघरात आता दुपारी ट्यूबलाइट असते.

शिवाय तळाशी पार्किंगचे मजले येतात. जुन्या इमारतीची तळमजल्यावरची गॅलरी रस्त्याशी बोलत असते. भाजीवाला, पोस्टमन, शाळेतून येणारी मुलं, सगळ्यांवर कुणाचं तरी लक्ष असतं. तिच्या जागी पंधरा-वीस फूट उंचीची कोरी भिंत किंवा गाड्यांचा पाळणा आला की ती गल्ली संध्याकाळी सातनंतर अनोळखी होते. एका गल्लीत अशा दोन-तीन इमारती पचतात. दहा झाल्या की गल्लीचं नाव तेवढं जुनं राहतं.

तर तुमचा ब्लॉक. घ्यावा की नाही हे मी न बघता सांगणार नाही, पण काय बघाल ते सांगतो.

पहिलं, तो ब्लॉक मालकीचा आहे की पागडीचा, आणि जमीन कुणाची. ट्रस्टने इथली बरीच जमीन विकली नाही, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली; १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाल्यावर ते पट्टे पालिकेकडे आले. त्यामुळे प्रॉपर्टी कार्ड आणि पट्ट्याचा मूळ कागद दोन्ही वकिलाकडून वाचून घ्या. सोसायटी आहे म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आहे असं नसतं.

दुसरं, ऑडिट अहवाल मागा आणि वर्गवारी बघा. सी-१ म्हणजे रिकामी करण्याजोगी. सी-२ म्हणजे दुरुस्ती होण्यासारखी, त्यातही दोन पायऱ्या आहेत. अहवाल कुणी मागवला होता तेही विचारा. ज्याला इमारत पाडायची आहे त्याने मागवलेला आणि ज्याला राहायचं आहे त्याने मागवलेला, यांत एकाच खांबाची तब्येत वेगवेगळी निघालेली मी पाहिली आहे.

तिसरं, आणि हे कुणी करत नाही: तुमच्या इमारतीइतकीच शेजारच्या दोन्ही इमारतींची चौकशी करा. त्यांचा पुनर्विकास ठरलाय का, किती मजले, कुठल्या बाजूला किती जागा सोडणार. तुम्ही विकत घेताय तो उजेड त्यांच्या प्लॉटवरून येतो. दलाल म्हणेल, ‘आपल्या इमारतीचं पण होणारच आहे, मोठं घर मिळेल.’ होईलही. पण सगळ्यांच्या सह्या, बिल्डरचं भांडवल, बाहेर राहण्याचं भाडं, आणि शेवटी ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा पालिकेचा दाखला. या चार ठिकाणी गाडी अडकते. भाडं वर्षभर देऊन बंद केलेला एक बिल्डर आणि तीन वर्षं तीन घरं बदललेले एक आजोबा मला माहीत आहेत. पुनर्विकासाच्या आशेवर जास्त किंमत मोजू नका. आज आहे त्या स्थितीत दहा वर्षं राहता येईल का, एवढाच हिशेब धरा.

चौथं, पाणी. हिंदमाता आणि किंग्ज सर्कलजवळचं गांधी मार्केट दर पावसाळ्यात बातम्यांत असतं. ही सखल जमीन आहे, शंभर वर्षांपूर्वी इथे खाचरं होती हे विसरू नका. दुसरा मजला आहे म्हणून तुमचं घर कोरडं राहील, पण मीटरची पेटी आणि पाण्याची टाकी तळाला असते. जिन्याखालच्या भिंतीवर जुन्या पुराची रेघ दिसते का बघा. रंग नवा असेल तर तळमजल्यावरच्यांना विचारा, ते बोटाने दाखवतात.

किमतीची तुलना करताना निव्वळ चौरस फूट मोजू नका. जुन्या ब्लॉकची उंची दहा-अकरा फूट असते, दोन बाजूंना खिडक्या असतात, आणि गॅलरी खरीखुरी बसण्याजोगी असते. नव्या इमारतीत ज्याला डेक म्हणतात त्यावर कपडे वाळत घातले तरी सोसायटीचं नोटिशीचं पत्र येतं. उलट, तुमच्या घरात कुणाला गुडघ्याचा त्रास असेल तर वरचं सगळं विसरा. लिफ्ट नसलेला दुसरा मजला पासष्टीनंतर पाचवा होतो. गाडी असेल तर रोज रात्री जागेसाठी गल्लीत चकरा माराव्या लागतील, आणि त्यावरून होणारी भांडणं या सुसंस्कृत वस्तीतही पुरेशी असंस्कृत असतात.

बघायला जायचं तर रविवारी सकाळी जाऊ नका, तेव्हा सगळीच घरं सुंदर दिसतात. जुलैत, कामाच्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला जा, पाऊस पडत असेल तर उत्तम. आधी तळमजल्यावरच्यांना विनंती करून त्यांच्या स्वयंपाकघरात दोन मिनिटं उभे राहा. मग मागच्या लोखंडी जिन्यापाशी जाऊन ड्रेनेजचे पाइप बघा. मग वर तुमचा ब्लॉक. सगळ्यात शेवटी गच्ची, आणि तिच्या किल्लीसाठी सेक्रेटरींना आदल्या दिवशीच फोन करून ठेवा, कारण ती किल्ली कुणाकडे आहे हे इमारतीत कुणालाच माहीत नसतं.